हात लावणे आणि हात बसणे : ग्रामीण जपानमधील ‘ताइकेन’चा अर्थविचार

कारागिरीसंबंधी मराठीत दोन वाक्प्रयोग रूढ आहेत. एखाद्या कामाला ‘हात लावणे’ म्हणजे ते करावयास घेणे. त्या कामावर ‘हात बसणे’ म्हणजे ते करताना हाताला विचारावे न लागणे. दोन्ही प्रयोगांत हात एकच असला, तरी त्यांच्यामधील अंतर पुष्कळदा अनेक वर्षांचे असते. जपानच्या खेड्यापाड्यांत प्रवाशांसाठी जो एक उपक्रम आज सर्वत्र आढळतो, त्याचे मर्म याच अंतरात आहे. प्रवाशाने कागदाचा ताव स्वतः उचलावा, ‘सोबा’ नावाच्या शेवया स्वतः कापाव्यात, रुमाल निळीत स्वतः बुडवावा, आणि झालेली वस्तू घरी न्यावी किंवा तेथेच खावी, असे या उपक्रमाचे सामान्य स्वरूप होय. त्याला ‘ताइकेन’ असे म्हणतात. अनेक गावांत ही निव्वळ करमणूक राहिलेली नसून कारागिराच्या चरितार्थाचे ते एक साधन झाले आहे. म्हणूनच या व्यवहारात पाहुण्याच्या हाती काय जाते आणि कारागिरापाशी काय उरते, याचा विचार करणे अगत्याचे ठरते. त्यासाठी कारागिरांची परिभाषा हे एक चांगले साधन आहे.

१

‘ताइकेन’ हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ ‘देह’ आणि दुसऱ्याचा ‘परीक्षा’ अथवा ‘प्रचिती’. देहाने घेतलेली प्रचिती, असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ सांगता येईल. जपानीत अनुभवाला दुसराही एक शब्द आहे, तो ‘केइकेन’. त्यातील ‘केन’ तोच; परंतु ‘केइ’ या चिन्हाचा मूळ संबंध मागावरील ताण्याशी असून, त्यावरून ‘मधून पार होणे’, ‘काळ लोटणे’ असे अर्थ त्याला आलेले आहेत. आधुनिक तत्त्वज्ञानाच्या जपानी परिभाषेत ‘एर्लेब्निस’ या जर्मन संज्ञेसाठी ‘ताइकेन’ आणि ‘एरफारुंग’ या संज्ञेसाठी ‘केइकेन’ अशी योजना स्थिर झाली. पहिला शब्द प्रत्यक्ष जगलेल्या क्षणाचा वाचक आहे, दुसरा काळाच्या ओघात साठत गेलेल्या जाणतेपणाचा. व्यवहारातही हा भेद पाळला जातो. नोकरीच्या जाहिरातीत अमुक वर्षांचे ‘केइकेन’ मागतात, ‘ताइकेन’ मागत नाहीत. उलट एखाद्या शिकवणीचा एक तास नमुन्यादाखल घेऊन पाहावयाचा असेल, तर तेथे ‘ताइकेन’ हाच शब्द येतो.

तेव्हा प्रवाशाला जे दिले जाते त्याचे नाव प्रामाणिक आहे. ‘हात बसेल’ असे आश्वासन त्या शब्दात नाही. प्रश्न उद्भवतो तो एवढाच की, ज्यांचा हात बसलेला आहे त्यांचे या क्षणिक प्रचितीमुळे काय होते?

२

हा उपक्रम एकाएकी उदयास आलेला नाही. यानागी सोएत्सू, हामादा शोजी व कावाई कान्जिरो यांनी १९२५ साली ‘मिंगेइ’, म्हणजे लोककारागिरी, हा शब्द घडविला. नित्य वापरासाठी अनाम कारागिरांनी केलेल्या वस्तूंत जे सौंदर्य असते, त्याकडे त्यांनी सुशिक्षितांचे लक्ष वेधले. १९३६ मध्ये टोकियोत मिंगेइ वस्तूंचे संग्रहालय उघडले. पुढे महायुद्धोत्तर औद्योगिक वाढीत खेडी ओस पडू लागली. या अवस्थेला ‘कासो’, म्हणजे लोकसंख्येची अतिविरलता, असे म्हणतात. १९७० च्या कायद्याने ही संज्ञा राज्यकारभाराच्या भाषेतही आली. १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांच्या संवर्धनाचा कायदा झाला. वस्तू प्रामुख्याने दैनंदिन वापराची व मुख्यतः हाताने केलेली असावी आणि तिचे तंत्र व कच्चा माल सुमारे शंभर वर्षांच्या परंपरेतील असावा, अशा त्याच्या प्रमुख अटी आहेत. या कायद्यान्वये आजवर २४० हून अधिक हस्तव्यवसायांना मान्यता मिळाली आहे. १९९४ साली शेतकरी व कोळी वस्त्यांत नागरी लोकांनी राहावयास यावे यासाठी आणखी एक कायदा करण्यात आला.

या संदर्भात ओइता प्रांतातील आजिमु या द्राक्षबागांच्या गावाचे उदाहरण उद्बोधक आहे. (२००५ पासून ते उसा शहरात समाविष्ट आहे.) तेथील शेतकरी कुटुंबांनी १९९६ पासून पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेण्यास संघटितपणे आरंभ केला. परंतु खाणावळीचे नियम आड येत. पाहुण्यांसाठी निराळे स्वयंपाकघर बांधणे शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. २००२ मध्ये प्रांतिक शासनाने नियमांचा नवा अर्थ लावला. यजमान आणि पाहुणे यांनी मिळून रांधले व मिळून खाल्ले, तर स्वतंत्र स्वयंपाकघराची अट लागू होणार नाही, असे ठरले. पाहुण्याने विळी-पातेल्याला हात लावणे ही हौस होती, ती येथे कायद्याची सोय झाली. ‘ताइकेन’ या शब्दाला आर्थिक व शासकीय वजन कसे प्राप्त झाले, हे यावरून ध्यानी येते.

३

आता प्रत्यक्ष कारागिरीकडे वळू. जपानी हातकागदाचा इतिहास दीर्घ आहे. नारा येथील शोसोइन भांडारात इ. स. ७०२ मधील मिनो प्रांताच्या कुटुंबनोंदी त्याच प्रांताच्या कागदावर आजही जतन केलेल्या आहेत. मिनोचा ‘होन्मिनोशी’, शिमाने प्रांतातील ‘सेकिशूबान्शी’ आणि साइतामा प्रांतातील ‘होसोकावाशी’ या तीन कागदांच्या कारागिरीचा २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत एकत्र समावेश झाला. या तिन्ही प्रदेशांत प्रवाशांना कागद करावयास मिळतो.

कागदाचे काम हिवाळ्यात सुरू होते. ‘कोझो’ म्हणजे कागदी तुतीच्या फांद्या कापतात, वाफवतात, त्यांची साल सोलतात; वरचा काळा पापुद्रा खरवडून काढतात; उरलेली साल क्षारयुक्त पाण्यात शिजवतात. त्यानंतर ‘चिरितोरी’ येते. ‘चिरि’ म्हणजे कण, कचरा. थंड पाण्यात हात घालून सालीतील एकेक डाग वेचून काढणे हे ते काम. मग साल कुटून तिचे तंतू मोकळे करतात. ते पाण्याच्या हौदात सोडून त्यात ‘नेरि’ नावाचा बुळबुळीत द्रव घालतात. हा द्रव भेंडीच्या जातकुळीतील ‘तोरोरोआओइ’ या झाडाच्या मुळांपासून निघतो. त्याच्यामुळे तंतू तळाशी न बसता तरंगत राहतात आणि पाणी जाळीतून सावकाश निथळते. उष्णतेने त्याचा चिकटपणा नाहीसा होतो. कडाक्याच्या थंडीतला कागद उत्तम मानण्याचे हे एक प्रमुख कारण होय. एवढे सर्व झाल्यावर ताव उचलण्याची पाळी येते.

प्रवासी येथे प्रवेश करतो. त्याच्या हाती लहान चौकट देतात. बहुधा पत्राच्या आकाराचा एक ताव तो उचलतो, त्यावर एखादे पान किंवा फूल ठेवतो, आणि तापलेल्या पत्र्यावर सुकवलेला कागद तासाभरात घेऊन जातो. साइतामा प्रांतातील ओगावा परिसरात कागदी लोकांची एक म्हण आहे : ‘पिक्कारि सेन्र्यो’. ‘पिक्कारि’ हे आपल्या ‘लखलखीत’सारखे अनुकरणवाचक पद आहे, आणि ‘सेन्र्यो’ म्हणजे हजार सुवर्णनाणी. लखलखीत ऊन पडले की फळ्यांवर लावलेला कागद चांगला वाळे आणि त्या दिवशी हजार मोहरांची कमाई झाली असे मानीत. तापलेल्या पत्र्याला उन्हाची प्रतीक्षा नसते. म्हण तेथेच ऐकावयास मिळते. तथापि जिच्या पोटी ती जन्मली, ती आभाळाकडे पाहण्याची सवय प्रवाशाच्या तासाभरात बसत नाही.

४

भोजनाच्या बाबतीतही अशीच विभागणी दिसते. नागानो प्रांतातील तोगाकुशी हे सोबासाठी विख्यात आहे, आणि तेथे प्रवाशांना सोबा करावयास शिकवतात. सोबा ‘करणे’ यासाठी रूढ क्रियापद ‘उत्सु’, म्हणजे ‘ठोकणे’, हे आहे. बकव्हीटच्या, म्हणजे आपल्याकडील कुट्टूच्या, पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो. ज्वारीच्या पिठाची ‘विरी’ गेली की भाकरीला तडे जातात, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला यातील अडचण सहज कळेल. नवशिक्याची फजिती होऊ नये म्हणून बहुधा आठ भाग कुट्टूच्या पिठात दोन भाग गव्हाचे पीठ मिसळतात. या प्रमाणाला ‘नि-हाचि’, म्हणजे ‘दोन-आठ’, असे नावच आहे.

सोबा करणाऱ्यांमध्ये एक वचन प्रचलित आहे : सुरी तीन दिवस, लाटणे तीन महिने, परात तीन वर्षे. शेवया एकसारख्या कापणे पाहणाऱ्याला सर्वांत अवघड वाटते. पण ते तीन दिवसांत साधते. पिठात पाणी फिरविण्याची क्रिया सर्वांत साधी भासते; तिला तीन वर्षे लागतात, कारण त्या दिवसाची हवा आणि त्या पिठाचा ओलावा बोटांनीच ओळखावा लागतो. पाहुण्याच्या प्रयोगात पाण्याचे माप आधीच ठरवून ठेवलेले असते. छायाचित्र मात्र हाती सुरी घेतलेलेच निघते.

मळण्याच्या अखेरच्या रीतीला ‘किकुनेरि’, म्हणजे शेवंतीमळणी, म्हणतात. मळलेल्या गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या वळ्या उमटतात. हाच शब्द कुंभाराच्या मातीलाही लावतात. तोचिगी प्रांतातील माशिको येथे, जेथे हामादा १९२४ च्या सुमारास येऊन स्थायिक झाला, प्रवाशाला चाकावर भांडे घडवावयास मिळते. पण माती सहसा आधीच मळलेली असते, आणि झिलई व भाजणी तो परतल्यावर भट्टीवाले करतात. भांडे त्याला काही आठवड्यांनी मिळते.

५

शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांत निळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे नीळ वनस्पतीची वाळलेली पाने ढीग करून, पाणी घालून, वेळोवेळी उलथून सुमारे शंभर दिवस कुजवतात. त्यातून ‘सुकुमो’ तयार होते. हे काम ज्या जागेत चालते तिला ‘नेदोको’, म्हणजे बिछाना, म्हणतात. ढिगावर पांघरलेल्या गवती चटईला ‘फुतोन’, म्हणजे गादी-पांघरूण. पाणी किती घालावे हे ठरविणारा जाणकार तो ‘मिझुशि’, पाण्याचा उस्ताद. पुढे सुकुमो व क्षारयुक्त पाणी यांचे मिश्रण पिंपात आंबवणे म्हणजे नीळ ‘उभी करणे’. रंग सिद्ध झाला की पृष्ठभागावर जो फेस दाटतो, तो ‘निळीचे फूल’. ही सारी परिभाषा एका सजीवाची शुश्रूषा करणाऱ्यांची आहे : त्याला निजवावयाचे, पांघरूण घालावयाचे, उभे करावयाचे, फुलू द्यावयाचे. प्रवासी मात्र रुमाल बुडवतो, वर काढतो, हवा लागताच हिरवट रंग निळा होताना पाहून चकित होतो. त्याच्या वाट्याला ‘रंगवणे’ हे एकच क्रियापद आलेले असते.

६

या तिन्ही उदाहरणांत विभागणीचे सूत्र एकच आहे. जी पायरी थोड्या वेळाची, डोळ्यांना सुखावणारी आणि चुकली तरी सावरता येणारी, ती पाहुण्याची. जी दीर्घ, थंड, ओली, उग्र वासाची आणि चुकल्यास हंगाम बुडविणारी, ती कारागिराची. यात फसवणूक नाही. परंतु धोका आहे. पाहुण्यांची रीघ दिसते म्हणून कारागिरी जगली असे मानले जाते, आणि प्रत्यक्षात तुतीची लागवड करणारा, साल खरवडणारी, डाग वेचणारी वृद्ध माणसे कमी होत जातात. तोरोरोआओइचे पीक आज इबाराकी प्रांतातील मोजक्या शेतकऱ्यांवर बहुतांशी विसंबून आहे. ते थांबले तर प्रवाशाच्या लहान चौकटीलाही अडचण येईल आणि मिनोच्या उत्तम कागदालाही. परिभाषेची हानी त्याच मार्गाने होते : अखेरचे क्रियापद सर्वांना ठाऊक राहते आणि त्याआधीची दहा क्रियापदे वापरणारे तोंड उरत नाही.

तथापि या उपक्रमाला दोष देऊन मोकळे होणे न्याय्य ठरणार नाही. आजिमुसारख्या ठिकाणी त्यामुळे घरातील चूल हीच उत्पन्नाचे साधन झाली आहे, आणि जे जाणतेपण एरवी घरकामात गणले गेले असते त्याला मोल आले आहे. शिवाय काही कागदगावांत हिवाळ्यात फांद्या वाफवून साल सोलण्याच्या कामी बाहेरच्या लोकांनाही सामील करून घेतात. त्या दिवशी पाहुण्याला घरी नेण्यासारखा ताव मिळत नाही; हात मात्र गारठतात, आणि आपण सोललेली साल पुढे दुसऱ्याच कोणाच्या कागदात जाणार हे त्याला कळते. एका दिवसात त्याचाही हात बसत नाही. परंतु तो पुन्हा दुसऱ्या हिवाळ्यात आला, तर ‘ताइकेन’कडून ‘केइकेन’कडे जाणाऱ्या वाटेवर त्याचे पाऊल पडले असे म्हणता येईल. ज्या गावाला आपली कारागिरी खरोखर टिकवावयाची आहे, त्याने पाहुण्याला कोणत्या पायरीवर उभे करावयाचे, हे ठरविताना ‘चिरितोरी’चा विचार ताव उचलण्याआधी करणे इष्ट होय.