शाळेचा गणवेश : भाव पाहायचा की टिकाऊपणा?

केडगाव स्टेशनच्या बाजारात कापड विकणाऱ्या आमच्यासारख्यांचा जून महिना शाळांवर चालतो. २०२४ साली ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून शासनाने सरकारी शाळांचे कापड राज्य पातळीवर एकत्र खरेदी केले आणि शिलाई महिला बचत गटांकडे सोपवली. गणवेश उशिरा पोहोचले, मापे चुकली, कापडाबद्दल तक्रारी झाल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला.

अधिकार आला, पण खरेदीची सवय बदलली काय? आमचा सवाल तेवढाच आहे. एका गणवेशाला ३०० रुपये, दोन मिळून ६००. समितीपुढे कोटेशने येतात आणि ज्याचा भाव सर्वांत कमी, त्याचे मंजूर होते. हेडमास्तरांना तरी काय बोल लावणार! वीस रुपये जास्त दिले तर ऑडिटमध्ये विचारणा होईल ही धास्ती. कापड दिवाळीपर्यंत विरले तर मात्र कोणी विचारत नाही.

हिशेब करून पाहा. समजा २८० रुपयांचा गणवेश सात महिने टिकला, तर महिन्याला ४० रुपये पडले. ३०० चा दहा महिने टिकला, तर ३०. मग स्वस्त कोणता?

परदेशात ‘चक्राकार खरेदी’ म्हणतात ती हीच. माल किती दिवस वापरता येईल, दुरुस्त होईल काय, शेवटी त्याचे काय होईल, हे खरेदीच्या अटीतच लिहायचे. नेदरलँडच्या संरक्षण खात्याने गेल्या दशकात टॉवेल व कामाचे कपडे घेताना, त्यात किमान १० टक्के धागा वापरलेल्या कापडापासून काढलेला असावा, अशी अट घातली होती. आपल्याकडे पानिपत चिंध्यांपासूनच ब्लँकेटे विणते. आणि जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही विद्या कोणी शिकवायची?

केडगावच्या शाळेला धाग्याच्या टक्केवारीची गरज नाही. दुहेरी शिलाई, पोर वाढले की उसवता येईल एवढे मार्जिन, खाली दोन इंच दुमड, जादा बटणे, आणि दिवाळीनंतर एकदा शिंप्याने शाळेत येऊन दुरुस्ती करून देणे, एवढ्या अटी कोटेशन मागवतानाच लिहिल्या तर कमी भावाची स्पर्धाही सारख्या मालात होईल आणि ऑडिटलाही उत्तर राहील. माल आल्यावर अट घालून उपयोग नाही. कातरण पोत्यात भरून वाकळ शिवणाऱ्यांना द्यावे. आज ते उकिरड्यावर जळते.

यात आपल्या शिंपी बांधवांचा फायदा उघड आहे. दुरुस्तीचे काम दूरच्या मोठ्या ठेकेदाराला परवडत नाही, गावातल्याला परवडते. पण विरळ कापड जाड म्हणून खपवणारे आपल्यातही आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असतात. व्यापाऱ्यांनी कोटेशन मागवण्याआधीच्या बैठकीची तारीख विचारून घ्यावी आणि दहा वेळा धुतलेल्या कापडाचे दोन तुकडे त्यांच्यापुढे ठेवावेत.