कावा आणि कायदा

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायांनी खेळला जाणारा, गोल चेंडूचा खेळ उभा राहतो. अमेरिकेत मात्र याच नावाचा एक अगदी निराळा खेळ दीडशे वर्षांहून अधिक काळ लोकजीवनात रुजलेला आहे. त्यातील चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो व तो बहुतांशी हातांनीच खेळला जातो. शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलांकडे जाऊन आलेल्या अनेक मराठी आईवडिलांनी तेथील शरद ऋतूतील शनिवार पाहिला असेल. विद्यापीठाच्या रंगाचे सदरे घालून हजारोंची गर्दी क्रीडागाराकडे लोटत असते. शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड तरुण एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सारे थांबतात आणि पुन्हा आदळतात. नवख्याला हा केवळ अंगबळाचा खेळ वाटतो. वस्तुतः कोणी कोठे उभे राहायचे आणि कोणी चेंडू झेलायचा याचा इतका बारकाईने विचार केलेला मैदानी खेळ दुसरा क्वचितच सापडेल. नियमांची जाळी इतकी दाट असल्यामुळेच तिच्यातून निसटण्याच्या युक्त्याही येथे विपुल आहेत.

उभे कोठे राहायचे?

व्यूहरचनेचे नियम आपल्याला अपरिचित नाहीत. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघातील लगतच्या दोन खेळाडूंनी विरुद्ध दिशांना तोंडे करून बसावे लागते. कबड्डीत समोर सहा वा अधिक बचावपटू असतील तरच चढाई करणाऱ्याला बोनस गुण मिळू शकतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये हेच तत्त्व फार पुढे नेलेले आहे.

दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते साधले की आणखी चार प्रयत्न मिळतात आणि न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी मधला खेळाडू जमिनीवरचा चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो. यास ‘स्नॅप’ म्हणतात. चेंडू बहुधा ‘क्वार्टरबॅक’ या सूत्रधाराच्या हाती येतो. तो स्वतः धावतो, दुसऱ्याच्या हाती देतो किंवा पुढे फेकतो.

स्नॅपच्या क्षणी आक्रमक संघाची मांडणी कशी असावी, हे नियमाने ठरवलेले आहे. आघाडीच्या रेषेमागे चारपेक्षा अधिक खेळाडू असता कामा नयेत. म्हणजे अकराही जण मैदानात असतील तर सात जण रेषेवर हवेत. त्या सातांपैकी किमान पाच जणांच्या पाठीवर ५० ते ७९ यांमधील क्रमांक हवा. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार रेषेच्या दोन टोकांवरील खेळाडूंना आणि मागे उभ्या असलेल्यांनाच असतो, तोही त्यांचा क्रमांक ५० ते ७९ यांमधला नसेल तर. उरलेल्या पाच जणांनी धक्के घ्यायचे, द्यायचे आणि वाट मोकळी करायची. चेंडू पुढे फेकला जाईपर्यंत त्यांना रेषेपलीकडे तीन यार्डांहून अधिक जाताही येत नाही.

आणखीही बंधने आहेत. स्नॅपपूर्वी सर्वांनी एक पूर्ण सेकंद स्थिर राहावे लागते. त्यानंतर एकालाच हालण्याची मुभा असते, मात्र त्याने पुढच्या दिशेने जायचे नसते. आक्रमक संघातील प्रत्येकाने प्रयत्नापूर्वी एकदा तरी मैदानाच्या कडेपासून नऊ यार्ड आत आलेले असले पाहिजे. हा नियम वरवर विचित्र भासतो. पण पूर्वी एखादा खेळाडू बाहेर जाणाऱ्या सोबत्यांच्या घोळक्यात मिसळून कडेलाच रेंगाळे आणि कोणाचेच लक्ष नसताना चेंडू झेलून पसार होई, हे कळले की त्याचे मर्म ध्यानात येते. या नियमपुस्तकातील कितीतरी कलमांमागे अशी एखादी जुनी युक्ती दडलेली आहे.

रक्ताने लिहिलेले नियम

६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या संस्थांमध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. पुढे १८८० नंतरच्या काळात येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप यांनी अकरा खेळाडू, आघाडीची रेषा आणि मोजके प्रयत्न या कल्पना रूढ केल्या. मात्र रेषेवर किती जणांनी उभे राहायचे याला धरबंध नव्हता. १८९२ मध्ये लॉरिन डीलंड नावाच्या बुद्धिबळप्रेमी गृहस्थाने, स्वतः हा खेळ कधीच खेळलेला नसताना, हार्वर्डसाठी ‘उडती पाचर’ योजली. दोन तुकड्या दूरवरून धावत येत, पाचरीच्या आकारात एकवटत आणि त्या वेगासकट समोरच्या एखाद्याच खेळाडूवर कोसळत. कल्पना बुद्धीची होती, परिणाम मात्र हाडे मोडण्यात झाला. या विशिष्ट रचनेवर लवकरच बंधने आली, तरी घोळक्याने चाल करण्याची रीत सुटली नाही.

१९०५ च्या हंगामात तत्कालीन वृत्तपत्रांच्या गणतीनुसार किमान १८ तरुण खेळाडू मृत्युमुखी पडले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या नवागतांच्या संघातून खेळत होता. कोलंबिया विद्यापीठाने हा खेळ बंद केला, तर स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांनी रग्बीची वाट धरली. खेळ जगणार की जाणार, असा प्रश्न उभा राहिला. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मान्यता मिळाली, दोन्ही रेषांमध्ये मोकळी पट्टी राखण्यात आली आणि १९१० मध्ये रेषेवर सात जण असलेच पाहिजेत, असे ठरले. मागून वेग घेऊन येणाऱ्यांची संख्या घटली, म्हणजे घोळक्याचा प्राणच काढून घेतला गेला. आज जो नियम रुक्ष तांत्रिक तपशील वाटतो, तो प्रत्यक्षात मुलांचे जीव वाचवण्यासाठी केलेला आहे.

अंगरख्यात लपलेला चेंडू

याच उलथापालथीच्या काळात खेळाच्या इतिहासातील एक गाजलेली हुलकावणी घडली. पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांसाठी एक निवासी शाळा काढण्यात आली होती. तेथे मुलांचे केस कापले जात आणि मातृभाषा बोलण्यास मनाई असे. फुटबॉलच्या मैदानात मात्र ही मुले देशातील धनाढ्य विद्यापीठांशी बरोबरीने झुंजत. अंगाने ती तुलनेने लहान असल्याने त्यांचे मार्गदर्शक ‘पॉप’ वॉर्नर यांनी चपळाई आणि चकवा यांवर भर दिला.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हार्वर्डविरुद्ध उत्तरार्धाच्या आरंभी चेंडू कार्लाइलच्या जिमी जॉन्सनने झेलला. क्षणार्धात सोबती त्याच्याभोवती गोळा झाले आणि त्या आडोशात त्याने तो चार्ली डिलनच्या अंगरख्यात पाठीकडून सरकवला. अंगरख्याच्या कमरेत आधीच इलॅस्टिक शिवून घेतलेले होते. मग सारे पांगले आणि प्रत्येक जण पोटाशी चेंडू धरल्यासारखा धावू लागला. डिलन तेवढा मोकळे हात हलवीत निघाला, म्हणून त्याला कोणी अडवलेच नाही. जवळजवळ सारे मैदान पार करून त्याने गुण मिळवले तेव्हा कोठे प्रेक्षकांना उलगडा झाला. सामना शेवटी हार्वर्डने १२-११ असा जिंकला, परंतु स्मरणात राहिला तो कार्लाइलचा गनिमी कावा. चेंडू कपड्यांत दडवण्यास पुढे नियमांनी मज्जाव केला.

जमिनीवर ठेवलेला चेंडू

२ जानेवारी १९८४ रोजी मायामी येथील ऑरेंज बोल सामन्यात अपराजित नेब्रास्काचा संघ ०-१७ असा पिछाडीवर होता. क्वार्टरबॅक टर्नर गिल याने स्नॅप घेतला आणि चेंडू अलगद जमिनीवर ठेवून दिला. सारा संघ उजवीकडे धावला आणि बचाव त्याच्यामागे गेला. ज्याला चेंडू झेलण्याचा अधिकारच नाही असा रेषेवरील डीन स्टाइनक्यूलर खाली वाकला, चेंडू उचलून डावीकडे निघाला आणि १९ यार्ड धावून त्याने टचडाऊन केला. फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार नसला तरी सांडलेला चेंडू कोणीही उचलू शकतो, ही नियमातील फट त्यांनी नेमकी हेरली होती. ‘फंबलरूस्की’ या गमतीदार नावाने ओळखली जाणारी ही युक्ती १९९२ च्या हंगामानंतर महाविद्यालयीन नियमांतून हद्दपार झाली.

त्याच सामन्याचा शेवट याहून बोलका आहे. अवघी ४८ सेकंद उरली असता नेब्रास्काने अंतर ३०-३१ इतके कमी केले. टचडाऊननंतर लाथेने चेंडू खांबांमधून धाडला असता तर एक गुण मिळून बरोबरी झाली असती. त्याकाळी जादा वेळ नव्हता आणि बरोबरीनेही राष्ट्रीय अजिंक्यपद बहुधा नेब्रास्काच्याच पदरात पडले असते. मार्गदर्शक टॉम ऑस्बर्न यांनी मात्र विजयासाठी दोन गुणांचा अवघड प्रयत्न निवडला. गिलने फेकलेल्या चेंडूला मायामीच्या खेळाडूचा हात लागला आणि सामना हातचा गेला. कपटी वाटावी अशी युक्ती योजणारा संघ त्याच दिवशी सोयीची बरोबरी नाकारतो, यातच हुलकावणी आणि अप्रामाणिकपणा या दोहोंतील फरक दिसून येतो.

नियमात राहूनही चकवता येते

प्रत्येक चकवा नियमबाह्य ठरतोच असे नाही. १ जानेवारी २००७ रोजी अ‍ॅरिझोनात झालेल्या फिएस्टा बोलमध्ये बॉइसी स्टेट या तुलनेने लहान विद्यापीठाने बलाढ्य ओक्लाहोमाला ४३-४२ असे हरवले. नियमित वेळेतील १८ सेकंद शिल्लक, चौथा आणि अखेरचा प्रयत्न, गरज १८ यार्डांची. झेलणाऱ्याने चेंडू घेतला, बचावपटू त्याच्याकडे झेपावले आणि त्याने तो उलट दिशेने धावणाऱ्या सोबत्याकडे सोपवला. चेंडू पुढे एकदाच फेकता येतो, मागे वा बाजूला मात्र कितीही वेळा देता येतो, या साध्या नियमाचा हा उपयोग. जादा वेळेतील शेवटच्या दोन गुणांसाठी क्वार्टरबॅकने रिकाम्या उजव्या हाताने फेकण्याचा आविर्भाव केला. चेंडू त्याच्या डाव्या हातात पाठीमागे होता. इयन जॉन्सनने तो तेथून घेतला आणि डावीकडून सहज आत शिरला. ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ नावाची ही चाल फार जुनी आहे आणि आजही पूर्णतः वैध आहे.

याउलट ४ डिसेंबर २०२१ चा प्रसंग पाहा. पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक केनी पिकेट धावताना पाय पुढे करून घसरल्यासारखा झुकला. असे घसरणाऱ्या खेळाडूला संरक्षण असते, त्याच्यावर झेप घेणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे बचावपटू थबकले आणि तो घसरलाच नाही, ५८ यार्ड धावून टचडाऊन करता झाला. आठवडाभरातच निर्णय जाहीर झाला, की यापुढे घसरण्याचे नुसते सोंग केले तरी खेळ तेथेच थांबेल. कारण उघड आहे. अशी सोंगे वाढली तर खरोखर घसरणाऱ्यावरही कोणी दया दाखवणार नाही आणि संरक्षणाचा नियमच घातक ठरेल.

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी ओरेगनने आणखी एक फट दाखवून दिली. ओहायो स्टेटविरुद्ध ३२-३१ अशी आघाडी आणि दहा सेकंद शिल्लक असताना त्यांचे बारा खेळाडू बचावाला उभे राहिले. दंड पाच यार्डांचाच झाला. मात्र त्या प्रयत्नात खर्ची पडलेली चार सेकंद प्रतिपक्षाला परत मिळाली नाहीत. हे हेतुपुरस्सर होते, असे मार्गदर्शकांनी सूचित केले. काही दिवसांतच अशा प्रसंगी घड्याळ मागे घेण्याचा पर्याय आक्रमक संघाला देण्यात आला. आपल्याला यावरून १ फेब्रुवारी १९८१ चा मेलबर्नचा सामना आठवेल. ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून ट्रेव्हर चॅपेलने शेवटचा चेंडू सरपटत टाकला, तेव्हा तोही नियमात बसत होता आणि त्यानंतरच तो निषिद्ध झाला.

सीमारेषा

या साऱ्या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. चेंडू कोणाकडे आहे, तो कोठे जाणार आहे, याविषयी प्रतिपक्षाला फसवणे हा खेळाचाच भाग मानला जातो. मात्र मैदानात कोण आहे, खेळ सुरू आहे की थांबला आहे आणि कोणाला इजेपासून संरक्षण आहे, याविषयी फसवणूक चालत नाही. म्हणूनच बदली खेळाडूंच्या ये-जा करण्याच्या बहाण्याने गोंधळ उडवणेही नियमाने निषिद्ध आहे. दोन्ही पक्षांनी ज्या गोष्टी गृहीत धरायच्या त्या अढळ राहिल्या, तरच उरलेल्या बाबतीत बुद्धीचा विलास रंगतो.

पुढे कधी दूरचित्रवाणीवर वा प्रत्यक्ष मैदानात हा खेळ पाहण्याचा योग आलाच, तर चेंडूकडे पाहण्याआधी स्नॅपपूर्वीच्या त्या एका सेकंदाकडे लक्ष द्यावे. रेषेवर सात जण आहेत का, टोकाला कोण उभा आहे, कोणाच्या पाठीवर कोणता क्रमांक आहे, हे मोजून पाहावे. आदळआपट सुरू होण्यापूर्वीच्या त्या निश्चल क्षणात प्रेक्षकालाही दोन्ही बाजूंचा विचार वाचता येतो.