योगशिक्षण आणि संस्कृत उच्चार



इस्राएलमध्ये योगासनांचे वर्ग आज शहरोशहरी चालतात, आणि आपल्या समाजातील काही तरुण-तरुणीही तेथे शिक्षक म्हणून उभे राहू लागले आहेत. आसने त्यांना उत्तम येतात. अडते ते नावांपाशी. त्यांपैकी काही माझ्याकडे उच्चार शिकण्यास येतात, म्हणून हा लेखप्रपंच.

हिब्रूत ‘ट’वर्ग नाही, म्हणून ‘ताडासना’चे ‘तादासन’ होते. नित्याच्या बोलण्यात ‘हे’ अक्षर गिळण्याची येथे सवय, त्यात महाप्राणही नाहीत. मग ‘हठयोग’ ‘अतायोग’ होतो. ‘अधोमुख श्वानासना’तील ‘ख’ तर हमखास ‘खाफ’सारखा घशातून घासत येतो. वस्तुतः तो ‘क’च, मात्र श्वासासह सोडलेला. तोंडापुढे कागदाची पट्टी धरावी. ‘क’ म्हणताना ती जेमतेम हलावी, ‘ख’ म्हणताना फडफडावी. अध्यापनाच्या प्रशिक्षणात शिकलेली ही साधी युक्ती येथे फार उपयोगी पडली.

परंतु मराठी आली म्हणजे संस्कृत आले, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा समज अर्धाच खरा आहे. ‘जानुशीर्षासन’ हा एकच शब्द घ्यावा. यातील ‘ज’ ‘जाळे’मधला नव्हे, ‘जीव’मधला. पुढे ‘श’ तालव्य आणि ‘ष’ मूर्धन्य. आपण मात्र दोन्ही सारखेच उच्चारतो. ‘योग’ शब्दाचेही तसेच. आपण ‘योग्’ म्हणून अंत्य ‘अ’ टाकून देतो, इस्राएली माणूस तो ताणून ‘योगा’ करतो. संस्कृतात तो ऱ्हस्व, पण पूर्ण उच्चारला जातो.

पठणात तर ऱ्हस्व-दीर्घावरच सारी भिस्त असते. वेदपठणाला उदात्त, अनुदात्त, स्वरित असे स्वर आहेत. ही मौखिक परंपरा २००३ साली युनेस्कोने मानवतेचा वारसा म्हणून गौरविली. तोराच्या गुंडाळीत तआमीम लिहिलेले नसतात, वाचणाऱ्याला ते मुखोद्गत असावे लागतात, हे ज्याने बार मित्सवासाठी पाठ केले आहे त्याला या शिस्तीचे मोल सांगावे लागत नाही. योगवर्गातले श्लोक बहुधा छंदोबद्ध असतात. तेथे लघूचा गुरू झाला की चाल मोडते.

आता नाजूक प्रश्न. बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत, ज्यांची पुण्यातील संस्था १९७५ साली उघडली, वर्गाच्या आरंभी पतंजली मुनींची स्तुती म्हणतात. तीत मुनींना वंदन आहे. एकाच परमेश्वरापुढे मस्तक नमविणाऱ्याने ती म्हणावी काय? आसनाचे नाव शुद्ध घेणे ही उपासना नव्हे, याविषयी मला शंका नाही. स्तुतीची गोष्ट निराळी. तिचा अर्थ शिष्याला आधी हिब्रूत सांगावा, मग उच्चार शिकवावा. अर्थ झाकून नुसता नाद शिकविणे मला अप्रामाणिक वाटते. माझ्या एका विद्यार्थिनीने अर्थ कळल्यावर स्तुती सोडली व ती वर्गाचा आरंभ मौनाने करते. दुसरी, गुरुवंदना मानून, ती म्हणते. दोघींचे उच्चार आता स्वच्छ आहेत.

सरावासाठी दूर जाण्याची गरज नाही. घरी मराठी शाळेत शिकलेली आजी असेल तर तिच्याकडून ‘क’पासून ‘म’पर्यंतचे पाचही वर्ग रोज म्हणवून घ्यावेत. फक्त ‘ज्ञ’ आला की थांबावे. आजी ‘द्न्य’ म्हणेल, आणि ते मराठीत बरोबरच आहे.