दार, माजघर आणि ठाणे : दूरचित्रवाणीच्या गुन्हेकथांतील आतल्या जागा

‘सी.आय.डी.’ ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि पुढे वीस वर्षे आपल्या बैठकीत तिने मुक्काम ठोकला. तिचे कर्ते बी. पी. सिंह आणि तिच्यातले प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी साटम, यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका केली होती. तेव्हा या हिंदी मालिकेचे आजोळ मराठी आहे, असे म्हणायला हरकत नाही. तिच्यातल्या कथा आता कोणाला आठवत नाहीत. आठवते ते दयाने तोडलेले दार. त्यावर विनोद झाले, पोरांनी नकला केल्या. मला मात्र त्या दारात विनोदापेक्षा जास्त काही दिसते. दार तुटते तेव्हा आपण नेहमी तोडणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. आतल्या माणसाला ते दार कशासाठी हवे होते, हा प्रश्न आपल्या मनात येतच नाही.

घराच्या आतल्या जागांना अर्थ असतो, हे रामपायलीच्या जुन्या घरांत वाढलेल्यांना समजावून सांगायला नको. अंगण, सपरी, बैठक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसदार हा क्रम म्हणजे एक अलिखित कायदाच. धान्याचा व्यापारी सपरीपर्यंत, सोयरा बैठकीपर्यंत, लेकीबाळी माजघरात; सोवळ्यातल्या आजीच्या चुलीपाशी तर घरच्या पुरुषालाही मज्जाव. कोण कुठपर्यंत आला, यावरून त्याचे नाते कळे. गुन्हेकथेतला तपासनीस हा क्रम मोडणारा माणूस असतो. तो बूट न काढता माजघरापर्यंत येतो, सुनेच्या कपाटात हात घालतो, देव्हाऱ्यामागे बॅटरीचा झोत टाकतो. एरवी ज्याला आपण अपमान म्हणू, ते त्याला क्षम्य असते, कारण घरात प्रेत पडलेले असते. गुन्हेकथेची अर्धी गोडी या मुभेत आहे: परक्याचे माजघर पाहायला मिळते आणि वर ते न्यायासाठी पाहिले, असे समाधानही मिळते.

आता थोडे तंत्र. मालिकेतले घर बहुधा स्टुडिओत उभारलेले असते आणि त्याला तीनच भिंती असतात. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे. म्हणून तिथली बैठक अवाढव्य, मधोमध जिना आणि सगळी माणसे एकाच बाजूला तोंड करून बसलेली. न्हाणी दिसत नाही, कोठीची खोली दिसत नाही, मागचे दार तर सहसा नसतेच. अशा घरात रहस्य दडवायला जागा कुठली? मग संगीत वाजवून आणि चेहरे तीनतीनदा दाखवून ती उणीव भरून काढावी लागते. याला ‘सी.आय.डी.’नेच एक सन्माननीय अपवाद केला. ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला तिचा एक भाग १११ मिनिटांच्या एकाच अखंड चित्रणात घेतला होता, मध्ये एकही काट नाही. त्याचे इंग्रजी नाव ‘द इनहेरिटन्स’, म्हणजे वारसा. काट नसली की कॅमेऱ्याला माणसाबरोबर चालावे लागते. एका खोलीतून दुसरीत जायला लागतो तेवढा वेळ प्रेक्षकालाही लागतो. पाहणाऱ्याच्या मनात घराचा नकाशा बसतो. आणि नकाशा बसला, तरच अमुक वेळी अमुक माणूस तमुक खोलीत होता, या वाक्याला वजन येते.

बासू चटर्जी यांनी १९९३ मध्ये दूरदर्शनसाठी केलेल्या ‘ब्योमकेश बक्शी’त हे वजन पहिल्या कथेपासून आहे. तिथली जागा कोलकात्यातली मेस: अनोळखी पुरुष, शेजारशेजारच्या खोल्या, सामाईक जिना आणि खाली होमिओपॅथीच्या पुड्या देणारे सज्जन डॉक्टर. शहरातली भीती ही शेजारी कोण राहतो ते ठाऊक नसण्याची. आपल्याकडच्या वाड्याची भीती नेमकी उलटी, तिथे सगळे एकमेकांना पुरते ओळखतात.

या दुसऱ्या भीतीची मराठीतली ठळक मालिका म्हणजे फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’. तिला भुताखेतांची मालिका म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण तिचा सांगाडा गुन्हेकथेचा. अण्णा नाईकांचा मृत्यू होतो, पांगलेली मुले सुनांसह कोकणातल्या वाड्यात गोळा होतात आणि शोक ओसरण्याआधीच मालमत्तेची कुजबुज सुरू होते. चित्रण सिंधुदुर्गातल्या आकेरी गावी खऱ्या घरात झाले, आणि तो फरक पडद्यावर जाणवतो. खांब मध्ये येतात, उंबऱ्याशी मान वाकवावी लागते, स्वयंपाकघरातला उजेड माजघरात अर्धाच पोचतो. त्या अर्ध्या उजेडात कोणी तरी ऐकत उभे आहे, असे सतत वाटते. वाड्यात एकांत नसतो; भिंती असतात, पण आवाज अडत नाही. प्रत्येकाला प्रत्येकाचे थोडे थोडे ठाऊक असते आणि एकत्र बसून बोलायची सोय मात्र नसते. ज्यांच्या घराच्या वाटण्या झाल्या आहेत, बैठकीच्या मधोमध विटांची भिंत आली आहे, त्यांना ही मालिका भुतांमुळे भिववत नसावी. आपल्याकडच्या पुष्कळ घरांतून एक खोली नागपूर-पुण्याला गेलेल्या भावाच्या नावाने कुलपात असते. तिच्यात अडगळीशिवाय काही नसते, तरी ती उघडायची कोणाची छाती होत नाही.

इथे गुन्हेकथा एक लबाडी करते. संशयाची सुई ती आधी नोकराकडे, भाडेकरूकडे, नव्याने आलेल्या पाहुण्याकडे वळवते. घराबाहेरचा माणूस आत आला म्हणून अनर्थ घडला, ही मांडणी आपल्याला सुखाची वाटते. प्रत्यक्षात बाईवर हात उचलणारा बहुतेकदा घरातलाच असतो, आणि कायद्याला हे उमगायला फार वर्षे लागली. भारतीय दंडविधानात सासरच्या क्रौर्याचे ४९८-अ हे कलम आले १९८३ मध्ये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘सामाईक घर’ ही कल्पना आणली: घर कोणाच्याही नावे असो, तिथे नांदलेल्या बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे. आणि २००६ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विवाहितेच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींचाच विचार केला. घराच्या आत घडलेल्या गुन्ह्याला बाहेरचा साक्षीदार कुठून मिळणार? तेव्हा आरोप सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी फिर्यादी पक्षाचीच राहील, पण तिचा भार काहीसा हलका असेल आणि त्या वेळी घरात असलेल्यांना काय घडले याचा पटेल असा खुलासा द्यावा लागेल. आधार १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या १०६ व्या कलमाचा. भिंत एरवी आतल्या माणसाला लपवते. इथे ती त्याला उत्तर द्यायला लावते. एखाद्या मालिकेने हा मुद्दा धरून एक भाग करायला हवा होता. माझ्या पाहण्यात तरी तो आला नाही.

मालिका सगळ्यात कमी खरेपणाने दाखवतात ती जागा पोलीस ठाण्याची. मेज, फाइली, फळा, मागे काचेची प्रयोगशाळा, भरपूर उजेड. चौकशी म्हणजे एक चपराक आणि लगेच कबुली. आपल्या झाडीपट्टीला ठाण्याच्या आतल्या जागेचा दुसराच अनुभव आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने वडसा स्टेशन लागते. तिथले गाव देसाईगंज, झाडीपट्टी नाटकांचे माहेर. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या ठाण्यात एका आदिवासी मुलीचे आप्त बाहेर काढले गेले, ती आत राहिली, दार लागले आणि दिवे गेले. पुढचा खटला ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराविषयीचा कायदा बदलला. बंद दार या वेळी घराचे नव्हते, आणि ते तोडायला कोणी दया आला नाही.

निशिकांत कामत यांच्या २०१५ च्या ‘दृश्यम’मध्ये, जो आपण टीव्हीवरच अनेकदा पाहिला, पोलीस ज्याचा शोध घेत असतात ते प्रेत त्यांच्याच नव्या ठाण्याच्या फरशीखाली असते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो. घराचे अंगण खणून झाले, परसातला खड्डा उपसून झाला. स्वतःच्या पायाखाली मात्र कोणी पाहिले नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला, तेव्हा जागांची यादीच लिहून दिली: येण्याजाण्याची सगळी दारे, मुख्य फाटक, प्रत्येक कोठडी, सगळे बोळ, स्वागतकक्ष, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, स्वच्छतागृहाच्या बाहेरची बाजू, ठाण्याचे मागचे अंगण.