ओसरीवरचे नाटक

बीबी येथील माझ्या दवाखान्यात एक शेतकरी आपल्या नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन आले. खोकला किरकोळ होता; काळजी निराळीच होती. "डॉक्टरसाहेब, बाजारात याचा हात सुटला. लोक नाव विचारत होते अन् हा गप्प!" घरी मात्र तो आपले नाव स्पष्ट सांगत असे. त्याला शब्द येत होता, प्रसंग येत नव्हता.

प्रसंग शिकवायचा तर तो आधी सुरक्षित जागी घडवावा लागतो. नाटक नेमके हेच करते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. ब्लाइथ कॉर्बेट यांनी ८ ते १४ वर्षांच्या ३० स्वमग्न मुलांचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित समवयस्कांसह १० नाट्यसत्रांत रमलेल्या मुलांची चेहरे लक्षात ठेवण्याची व इतरांचे मन ओळखण्याची क्षमता सुधारली. आपल्याकडेही राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग मुलांसाठी बालनाट्य स्पर्धा घेते.

पालकहो, घरच्या सरावाला मात्र ओसरीही पुरे. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटे, एकच प्रसंग, दोनच वाक्ये. प्रथम आपण 'हरवलेले मूल' व्हावे आणि मुलाने पाहावे. मग भूमिका बदलाव्यात. प्रसंग अंगवळणी पडल्यावर एकच गोष्ट बदलावी : कधी माणूस, कधी जागा. शेवटी खऱ्या दुकानात जावे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, मागणे आणि ठामपणे 'नको' म्हणणे, हे सारे असेच शिकवता येते. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या हाती चित्रांचे कार्ड द्यावे. नजर मिळवण्याची सक्ती करू नये; मुलाने कानांवर हात ठेवले की खेळ थांबवावा. हा सराव वाचोपचाराला पूरक आहे, पर्याय नव्हे.

त्या घरी वडील पोलीसदादा झाले, आजी भाजीवाली झाली. दीड महिन्याने मुलगा पुन्हा आला. कंपाउंडरने नाव विचारताच भिंतीकडे पाहत त्याने नाव सांगितले, गाव सांगितले. वडील "इकडे बघून बोल" असे म्हणाले नाहीत. मुलाच्या खिशात दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी होतीच. ती तशीच राहू द्यावी, असे मी त्यांना सांगितले.