शिक्षकाची दिवाळीची सुटी

काश्मीरसारख्या प्रदेशांत बर्फ पडूं लागलें कीं शाळा बंद होतात. हिवाळ्याची सुटी हें नांव तेथें शोभतें. महाराष्ट्रांत थंडीसाठीं शाळा कोणी बंद करीत नाहीं. येथें जूनच्या मध्यास सुरू झालेलें पहिलें सत्र दिवाळीपाशीं संपतें व कांहीं दिवसांच्या अंतरानें दुसरें लागतें. हिवाळ्याच्या तोंडावर येणारी हीच काय ती शिक्षकाची मधली विश्रांति.

लोकांस ती फुकटची वाटते. कचेरींतील नोकरास मिळते तितकी अर्जित रजा शिक्षकास मिळत नाहीं, कारण ही दीर्घ सुटी हिशेबांत धरलेली असते. हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शिक्षकाच्या कामाचे आठवड्यास ४५ तास ठरविले, त्यांत पाठाच्या तयारीचाही वेळ धरला आहे. म्हणजे तयारी हें कामच होय, घरच्या वेळांतून चोरून करावयाची गोष्ट नव्हे. त्याच कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांवांचून दुसरीं अशैक्षणिक कामें शिक्षकास सांगूं नयेत असें म्हटलें आहे. परंतु निवडणूकच दिवाळीच्या आसपास आली तर काय? २०२४ सालीं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतें आणि विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरला.

सुटीचे पहिले आठ दिवस तरी वही उघडूं नये. एकाच खोलींत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाचा घसा सत्राच्या शेवटीं बसलेला असतो. त्यास मौनासारखें दुसरें औषध नाहीं. शिक्षिकेची गोष्ट मात्र निराळी. ती शाळेंतून सुटते ती साफसफाई आणि फराळाच्या कढईपाशीं येऊन उभी राहते. तिच्या विश्रांतीचा विचार घरच्या मंडळींनींच करावयास हवा.

तयारीचा प्रश्न तिसगांवाकडे पाहिलें म्हणजे नीट उमगतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यांत, नगरहून पाथर्डीस जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. भोंवतालचा मुलूख अवर्षणाचा. खरीप निघाला, रब्बीची ज्वारी पेरली, कीं रानांत हाताला काम उरत नाहीं. आणि याच सुमारास साखर कारखान्यांचें गाळप सुरू होतें. तालुक्यांतील कितीएक कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊंसतोडीस निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथील हिशेब. घरीं आजी असली तर मूल मागें राहतें. नसली तर तेंही टोळीबरोबर जाऊन मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळच्या खोपींत राहतें. थोरल्या मुलीकडे धाकटें भावंड सांभाळण्याचें काम येतें. सुटीनंतर शाळा उघडते तेव्हां पटावर नांवें तींच असतात, वर्गांत मात्र तीं सगळीं मुलें नसतात.

तेव्हां या भागांतील शिक्षकाची खरी तयारी सुटीच्या अखेरीस नव्हे, सुटी लागण्याच्या आधींच व्हावयास पाहिजे. कोणत्या घरीं उचल आली आहे, टोळी कोणत्या कारखान्यास जाणार, मागें म्हातारें माणूस कोण राहणार, हें दोन-तीन संध्याकाळीं वस्तीवर जाऊन विचारलें म्हणजे कळतें. मुलानें गांवींच राहून शिकावें म्हणून शासनानें हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. पण मागणी वेळेवर गेली नाहीं तर टोळी आधीं निघून जाते आणि सोय मागाहून येते. जें मूल जाणारच, त्याच्यापाशीं शिक्षण हमी कार्ड द्यावें. वर्षाच्या मध्येंही वयानुरूप वर्गांत प्रवेश मिळविण्याचा त्यास हक्क आहे, हें आई-बापांस समजावून सांगावें. कार्डासोबत चार ओळींची चिठ्ठी असली तर फारच बरें: मूल जोडाक्षरें वाचतें काय, हातच्याची वजाबाकी त्यास येते काय. तिकडील शिक्षकास नुसत्या इयत्तेच्या आंकड्यापेक्षां या चिठ्ठीचा उपयोग अधिक होईल.

हें आधीं झालें असलें तर सुटीचे शेवटचे दोन-तीन दिवस पुरतात. पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका पुन्हा चाळाव्या. जी चूक अर्ध्या वर्गानें केली ती शिकविण्यांतील उणीव समजून तो पाठ नव्यानें आंखावा. स्नेहसंमेलनानें आणि प्रजासत्ताकदिनाच्या तयारीनें किती तास जातील तें आधींच वजा करून ठेवावें.

एक निराळें टिपण मात्र जरूर करावें, तें परतणाऱ्या मुलांसाठीं. फडावरून आलेलें मूल वार्षिक परीक्षेच्या तोंडावर वर्गांत येऊन बसतें, तेव्हां पांच महिन्यांचे धडे त्याच्यापुढें एकदम ओतण्यांत अर्थ नसतो. प्रथम वाचन, मग आंकडेमोड, असा पंधरा दिवसांचा क्रम दिवाळींतच लिहून ठेवावा. त्या मुलानें मधल्या काळांत ट्रकवर मोळ्या मोजल्या असतील, वजनकांट्यावरील टनांचे आंकडे ऐकले असतील. गणिताचा पहिला तास त्या मोळ्यांपासूनच सुरू करतां येतो.