आवाजावरून पत्ता

टेक्ससमधील सहकाऱ्याने ‘पिन’ मागितली, तर आधी लेखणी पुढे करावी. अमेरिकेच्या दक्षिणेत न आणि म यांच्यापूर्वी ‘ए’ व ‘इ’ हे स्वर एकरूप होतात, आणि ‘पेन’ची ‘पिन’ होते. बॉस्टनच्या जुन्या वस्त्यांत ‘कार’मधला र गळतो.

न्यूयॉर्कमध्ये मात्र हाच र गावापेक्षा वर्ग सांगतो. १९६२ साली विल्यम लबोव्ह यांनी तीन दुकानांतील विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर वदवून घेतले. महागड्या साक्समध्ये र सर्वाधिक ऐकू आला, मेसीजमध्ये त्याहून कमी, स्वस्त क्लाइनमध्ये सर्वांत कमी. ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसत वाढलेल्या आपल्याला याचे नवल वाटू नये.

पण हसण्यावर थांबत नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन बॉ व सहकाऱ्यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील घरमालकांना भाड्याच्या घरासाठी फोन केले गेले. माणूस एकच, ढबी तीन: प्रमाण, आफ्रिकन-अमेरिकन, मेक्सिकन-अमेरिकन. गौरवर्णीयबहुल वस्त्यांत शेवटच्या दोन ढबींना घर पाहण्याची वेळ प्रमाण ढबीपेक्षा बरीच कमी वेळा मिळाली.

वंशावरून वा मूळ देशावरून घर नाकारणे १९६८ च्या कायद्याने निषिद्ध आहे. परंतु फोनवर ‘घर गेले’ एवढेच ऐकू येते. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ एकाच व-ने उच्चारणाऱ्या आपणांस तर पत्ता लपवताच येत नाही. शंका आल्यास निराळ्या ढबीच्या मित्राला त्याच दिवशी फोन करायला सांगावे व दोन्ही उत्तरे वेळेसह टिपून ठेवावीत. संघीय गृहनिर्माण खात्याकडे तक्रारीची मुदत एक वर्ष आहे.